हँडल राहिलं जानेफळला

पुण्यात आमच्या शाळेत नवा कुणी शिक्षक आला की माझी ओळख 'हे वऱ्हाडातले मास्तर' अशी करून देतात, आणि पाठोपाठ कुणीतरी हमखास विचारतं, "काय हो, तिकडे मोटारी पोचल्या का?" आठ वर्षं या पेठांमधून राहतो आहे. 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' म्हणायला शिकलो आहे, आमटीत गूळ असतो हेही आता मनावर घेत नाही. पण या प्रश्नाने अजून माझं डोकं फिरतं. मोटारी पोचल्या आहेत, महाराज! एक तर माझ्या सख्ख्या मामांच्या दारात उभी आहे. तिच्यातून मी यंदा खामगावाहून जानेफळला जाऊन आलो. अंतर पंधरा कोस. जायला एक दिवस लागला आणि यायला तीन. यायला तीन का लागले, ते शिक्षकांच्या खोलीत तोंडी सांगून पाहिलं. पण मंडळी मधेच हसतात आणि खरी गोष्ट राहून जाते. म्हणून लिहून काढतो आहे.

खामगाव

दिवाळीच्या सुटीत घरी पोचलो तर आईने फराळाच्या आधी हातात पत्र ठेवलं. पत्र चंद्रीचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं. चंद्री जानेफळला दिली आहे. मागच्या वर्षी तिला सातवा महिना होता. सासरकडच्या एका लग्नाला ती छकड्यातून गेली, वाटेत गाडीचे फार धक्के बसले, आणि दुसऱ्याच दिवशी मूल गेलं. यंदा पुन्हा सातवा लागला होता. पत्रात चारच ओळी होत्या. 'दादा, या खेपेला मले आईजवळ यायचं आहे. इथली माणसं वाईट नाहीत, पण मले इथे भेव वाटते. आत्याबाई बैलगाडीत बसू देत नाहीत. तू काहीतरी कर.'

आईने पत्र परत घडी घालून कोनाड्यात ठेवलं. "आठवा लागाले दहा दिवस हायेत," ती म्हणाली. आठव्यात प्रवास करायचा नाही हे पुण्यातही पाळतात, तेव्हा ते समजावून सांगायला नको. पण मुराळी म्हणजे काय ते सांगायला हवं. लेकीला सासरहून आणायला माहेरचं जे माणूस जातं, ते मुराळी. पुण्यात पोस्टकार्ड टाकलं की जावई बायकोला आगगाडीत बसवून देतो, आणि सगळं सुरळीत पार पडतं. आमच्याकडे मुराळी दारात उभा राहिल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. तो रिकाम्या हाताने परतला तर सगळ्या आळीला कळतं, आणि त्याच्या आईला आठ दिवस पाणवठ्यावर जायची लाज वाटते. वडील नाहीत, तेव्हा मुराळी मीच. प्रश्न एकच होता, आणायचं कशातून?

"कशातून म्हणजे?" मामा गरजले. "साहेबीण काऊन हाय मंग?"

साहेबीण म्हणजे त्यांची मोटार. मामा कापसाचे अडते. मामी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही; आई त्यांच्याच घरी राहते. रस्त्यांच्या कामावरचा एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याची मोटार मामांनी घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती. वरून उघडी, ऊन फार झालं तर मागे दुमडलेला कापडी टप ओढून घ्यायचा. लाकडी आऱ्यांची चाकं, समोर पितळेचे दोन मोठे दिवे, दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा. रोज सकाळी आंघोळ झाली की मामा आधी देवाला पाणी घालत आणि मग साहेबिणीच्या बंबात. तिला सुरू करायचं लोखंडी हँडल त्यांच्या बैठकीखाली लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असे. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा त्यांच्या मुनीमजींनी हौसेने ते फिरवलं, हँडलने उलटा झटका दिला, आणि मुनीमजी महिनाभर डाव्या हाताने वह्या लिहीत होते.

"हवेची चाकं, खाली स्प्रिंगच्या कमानी," मामा आईला म्हणाले. "पोरीच्या पोटातलं पाणी हालणार नाही, ताई. तू फिकर नको करू."

घाट

आमच्या जिल्ह्यात माणसाला जात विचारण्याआधी घाटाखालचा की घाटावरचा हे विचारतात. खामगाव घाटाखाली: काळी जमीन, कापूस, काही विहिरींचं पाणी इतकं मचूळ की चहाही बिघडतो. जानेफळ घाटावर: तिकडे ज्वारी चांगली, हवा बरी, पाणी गोड. खालच्यांना वाटतं वरचे अडाणी, वरच्यांना वाटतं खालचे लबाड. सोयरिकी मात्र दोन्हीकडून बिनधास्त होतात.

चारी चाकांखाली लिंबं चिरडून आम्ही निघालो. मागच्या बैठकीवर गादी, उशा, डिंकाचे लाडू आणि पाण्याचे चार डबे. डबे आम्हाला प्यायला नव्हते. सपाटीवर साहेबीण छान पळाली. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि मामा प्रत्येक शेताला एकेक भोंगा देत. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मात्र समोरच्या झाकणातून वाफ उसळली, आणि साहेबीण दोनदा खोकून थांबली. चारी डबे ओतले. ती जागची हलेना.

तेवढ्यात वरून कापसाची गाडी आली. गाडीवान खाली उतरला आणि मोटारीभोवती एक सावकाश फेरी मारून म्हणाला, "हवागाडी म्हंतात ना हो हिले? हवा कुठं गेली?"

मामांचा चेहरा पितळी दिव्यांत दिसत होता आणि तो पाहण्यासारखा होता. पण माणूस भला. त्याने आपली गाडी वळणावर दगड लावून उभी केली, बैल सोडले, आमच्या पुढच्या दांड्याला दोर बांधून साहेबिणीला माथ्यापर्यंत ओढून नेलं. बदल्यात काहीही घेईना. "एक डाव तेवढं ते वाजवू द्या," म्हणाला. त्याने भोंगा वाजवला. मग आणखी वाजवला. तिसऱ्या खेपेला त्याचेच बैल बुजून शेतात शिरले, आणि ते धरून आणण्यात आमची अर्धी दुपार गेली. बैलांनी ओढलेली गोष्ट घरी सांगायची नाही, असं मामांनी मला तिथेच बजावलं.

जानेफळ

गावात मात्र आम्ही स्वतःच्या इंजिनावर शिरलो. पुढे पोरं, मागे कुत्री, आणि मधे मान ताठ केलेले मामा. चंद्री दाराच्या आत उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. पण मोटार बघून ती इतकी हसली की मला ती परकरी पोर असतानाची आठवण झाली.

विहीणबाई म्हणजे चंद्रीच्या सासूबाई, पत्रातल्या आत्याबाई. उंच, कृश, बोलणं मोजकं. त्यांचा मुलगा नारायणराव, म्हणजे आमचे जावई, वीस एकरांत एकटा नांगर धरतो, पण आईसमोर त्याचा आवाज फुटत नाही. जेवायला पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. पुण्यात 'पुरे' म्हटलं की वाढणारा थांबतो. इथे तो शब्द कुणाला ऐकूच येत नाही. पातोड्यांनी मामांच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी ते चौथी भाकर घेत होते, कारण विहीणबाई समोर बसून होत्या.

सकाळी शेतात नेऊन नारायणरावांनी हुरडा खाऊ घातला. परत आल्यावर मी ओसरीवर नीट मांडी घालून बसलो आणि विषय काढला.

"पोरीले पाठवाले मी नाही म्हणत नाही," विहीणबाई म्हणाल्या. "कशात पाठवू, ते सांगा."

"मोटारीत," मामा म्हणाले.

"थे उभ्या जागी थरथरते. काल दारात पाह्यलं म्या."

"अहो, इंजिन हाय थे. थरथरणारच. पण बसणाऱ्याले काही—"

"गेल्या साली म्याच म्हणलं होतं, चाल व लग्नाले, काही होत नाही." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण आवाज तसाच होता. "छकड्यात म्याच बसवलं तिले. आता म्या सोता पाह्यल्याबिगर नाही बसवणार."

सोता पाहायचं म्हणजे काय, ते लगेच कळलं. त्या घरातून एक पितळी गडू काठोकाठ भरून घेऊन आल्या आणि मोटारीच्या मागच्या बैठकीवर, गादीच्या मधोमध, फळकुटावर ठेवला. "करा सुरू," म्हणाल्या. एव्हाना अर्धं गाव जमलं होतं. मामांनी लाल फडकं सोडलं, हँडल फिरवलं, साहेबीण गुरगुरली, आणि मोटार जागची हलायच्या आतच गडूतलं पाणी गादीवर सांडलं. मामा म्हणाले, जरा थंड आहे, गरम झाली की मऊ चालते. गडू पुन्हा भरला. मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आलो, तोवर गडूत निम्मंच पाणी उरलं होतं. मामांनी मग माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच ते प्यालो होतो.

चंद्री दारात उभी राहून सगळं बघत होती. आता ती हसत नव्हती. मला आईचा कोनाडा आठवला. रिकाम्या हाताने परतायचं, हे माझ्या मनात पहिल्यांदा खरं वाटलं.

घरचा जुना गडी किसन इतका वेळ बैलांना वैरण टाकत होता. तो तिथूनच म्हणाला, "माय, इंजिन बंद ठेवा अन् आपले लाख्या-भुऱ्या जुपा की तिले. चाकं तं चांगली हायेत."

लोक हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी गडू तिसऱ्यांदा भरला. किसनने पुढच्या दांड्याला दोर बांधून जू अडकवलं, बैल निघाले, आणि इंजिन गप्प असलेली साहेबीण रबरी चाकांवर, कमानींवर, गावभर डुलत फिरून आली. विहीणबाई स्वतः बाजूने चालत होत्या, नजर गडूवर. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

"अशी न्या," त्या म्हणाल्या. "खामगावच्या दारापर्यंत. वाटेत इंजिन सुरू नाही करायचं."

मामा गोरेमोरे झाले. बैल लावून मोटार खामगावच्या बाजारातून न्यायची! ज्या बाजारात त्यांच्या मोटारीवर जळणारे दहा अडते बसतात! "मी शब्द देतो ना, हळू चालवीन," ते म्हणाले.

"शब्द द्या, अन् थेही द्या." विहीणबाईंनी हँडलाकडे बोट केलं. "हे इथं राहू द्या. बाळंत झाली की आणून देईन."

मामा मोटारीच्या पुढ्यात गेले. पितळी दिव्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग त्यांनी हँडल लाल फडक्यात गुंडाळलं, दोन गाठी मारल्या आणि विहीणबाईंच्या हातात दिलं.

"कोनाले फिरवू देऊ नका," ते म्हणाले. "मनगट मोडते."

परतीची वाट

तर असे आम्ही निघालो. पुढे लाख्या-भुऱ्या आणि त्यांच्याबरोबर पायी किसन. हातातलं चाक धरून ताठ बसलेले मामा. मागे गाद्यांवर चंद्री आणि तिच्या पायाशी मी. घोड्यावरून वरात निघावी आणि घोड्यालाच ओढत न्यावं लागावं, असं काहीसं ते दिसत असणार. मामा पहिला कोसभर टोपी भुवयांवर ओढून बसले होते.

पण हळू जाण्याचा एक परिणाम आम्हाला ठाऊक नव्हता. आमच्याकडे पोटुशी लेक माहेरी निघालेली दिसली की वाटेवरच्या गावातल्या बायका तिची ओटी भरतात, ओळख असो नसो. जाताना मोटारीतून आम्हाला फक्त तोंडं दिसली होती. आता प्रत्येक गावात बाया पुढे होत. "कोनाची व तू? कितवा?" असं विचारत, आणि चालत्या मोटारीतच खण, तांदूळ, नारळ चंद्रीच्या ओटीत टाकत. एका म्हातारीजवळ काहीच नव्हतं, तिने ओंजळभर हुरडा घातला आणि चंद्रीच्या गालांवरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. चंद्री रडली. मग तिला भूक लागली, आणि तिने तो हुरडा घाट येईपर्यंत पुरवून खाल्ला. तिच्या चेहऱ्यावरची ती भीती दुसऱ्या मुक्कामापर्यंत कमी होत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मामाही निवळले. दर गावात ते बैलांना सांभाळून एकेक छोटा भोंगा देऊ लागले.

तिसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता. बैल पुढे असले तर मोटार त्यांच्या अंगावर जाईल, म्हणून किसनने ते सोडले आणि घेऊन पुढे चालू लागला. मी हातात मोठा दगड घेऊन चाकाशेजारी, आणि मामा ब्रेकवर पाय रोवून. दहा-वीस हात उतरायचं, थांबायचं, दगड लावायचा. ब्रेकचा जळका वास आला की गार होईस्तोवर बसून राहायचं. चौथ्या वळणावर मामांची पोटरी थरथरायला लागली. बूट काढून पाहिला तर पाऊल सुजलं होतं.

"हँडल असतं तं इंजिनावर भुर्रकन उतरलो असतो," मी म्हणालो.

मामा पाय चोळत होते. "हँडल कायले लागते?" ते म्हणाले. "हा उतार हाय ना. गिअर टाकायचा अन् सोडून द्यायची. दहा हातांत इंजिन धरते."

मी चाकाला लावलेल्या दगडापासून उठून उभा राहिलो. "म्हणजे? इतका वेळ—"

"तिथूनही झालं असतं. जानेफळच्या पुढं नाल्याचा उतार नाही का?"

चंद्री गाद्यांवरून उठून बसली. तिने आमचं सगळं ऐकलं होतं. "मामा, मंग करा ना सुरू," ती म्हणाली. "मले काही होत नाही आता. पाय पाहा तुमचा केवढा झाला. किसनदादा तं पुढं गेला, कोण पाहून राह्यलं?"

खरंच कुणी पाहत नव्हतं. खाली खामगावकडची सगळी सपाटी दिसत होती. वळण सोडलं तर रस्ता सरळ होता, आणि साहेबीण सुरू झाली असती तर दिवस मावळायच्या आत मामा भोंगा वाजवत बाजारातून गेले असते. त्यांनी तो रस्ता शेवटपर्यंत पाहिला. मग बूट पायात कोंबला.

"विहीणबाईनं पोरीले माह्या शब्दावर बसवलं," ते म्हणाले. "हँडल काय, लोखंड हाय. दगड काढ."

मी दगड काढला. माझे मामा मोठ्या आवाजाचे, फुशारकी मारणारे, पत्त्यांत सर्रास लबाडी करणारे गृहस्थ आहेत. त्या वळणावर मला ते इतके आवडले की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी तो झटकून 'चाकाकडे पाह्य' म्हणून मला खडसावलं.

घाट उतरल्यावर बैल पुन्हा जुंपले, आणि बाजारात अर्थातच शोभा झाली. मागून येणाऱ्या कापसाच्या गाडीवाल्याने 'हवागाडीले बैलाची हवा' अशी आरोळी दिली, आणि ती दुकानादुकानातून पुढे सरकत गेली. मामा नाकासमोर पाहत बसले होते. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो चंद्रीवरून ओवाळून टाकला, आणि मोटार कुणी ओढली हे विचारलंसुद्धा नाही.

पुन्हा खामगाव

सुट्टी संपून मी पुण्याला आलो. पौषात तार आली: मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला चार दिवसांची रजा काढून गेलो. साहेबीण दारात झाकून ठेवलेली होती. मामांनी तिला इतके महिने सुरू केलं नव्हतं. उतारावर न्यायची म्हटलं तर तेवढ्याचसाठी ती घाटापर्यंत बैलांनी ओढत न्यावी लागली असती, आणि ते एकदा पुरे झालं, असं म्हणत.

विहीणबाई लाख्या-भुऱ्या जुंपलेल्या दमणीतून आल्या. किसन होताच. बाळाला टोपरं, वाळे, आईला लुगडं, सगळं ताटात मांडून झाल्यावर त्यांनी पिशवीतून ते लाल फडकं काढलं. दोन्ही गाठी मामांनी मारल्या तशाच होत्या. पण फडक्यातून तेल झिरपलं होतं.

"जंग नको लागाले म्हून," त्या म्हणाल्या. "शनवारी मारुतीले तेल नेतो, थ्यातलंच वरून थोडं सोडत होतो."

मामांनी गाठी सोडल्या. हँडल तेलाने चकचकीत होतं आणि फडक्याला वाहिलेलं हळदीकुंकू झिरपून त्याच्या मुठीला लागलेलं होतं. मामा मग हँडलाऐवजी बाळ कसं दिसतं यावर काहीतरी बोलू लागले.

"पाव्हणे," विहीणबाईंनी त्यांना थांबवलं. "उताराले लागली की हे हँडलबिगर सुरू होते ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी कुणाला बोललो नव्हतो.

"मेहकरच्या लॉरीवाल्यानं सांगतलं. तुमी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी." त्या बाळाकडे पाहत बोलत होत्या. "तीन दिवस मले घास गेला नाही. किसन परत आला तं पयले हेच इचारलं, घाटात इंजिन वाजलं का? थो म्हणे, माय, वळणाखाली बैल घिऊन उभा होतो, कान देऊन. नुसते दगडच वाजत होते."

किसन दमणीचं जू उगाच पुसत होता. मामा दोनदा खाकरले आणि हँडल पुन्हा फडक्यात गुंडाळू लागले.

विहीणबाई उठल्या, चंद्रीच्या मांडीवरून नातीला उचलून घेतलं, पायरी उतरल्या आणि साहेबिणीवरचं कापड स्वतःच्या हाताने बाजूला सारून मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "बाजारातून न्या आमाले. अन् इंजिन सुरू करून."

चौथ्या फिरवणीला साहेबिणीने धरलं. मामांनी भोंग्याला हातसुद्धा लावला नाही, बाळ झोपलेलं होतं. आणि मोटार त्यांनी बाजारातून इतकी हळू नेली, इतकी हळू, की लाख्या-भुऱ्यांना पाण्यावर घेऊन निघालेला किसन पायी चालत आमच्या पुढे निघून गेला.